कुडाळ ते पणजी: कमी पैशात कॅसिनोत पोकर खेळायची ट्रिप, राहण्याखाण्यासकट सगळा रिव्ह्यू

पोकर खेळायला गोव्याला जातो म्हटलं की आपल्याकडे लोकांचे दोनच प्रश्न, किती हरलास आणि घरी माहितेय का. तिसरा प्रश्न जो खरा कामाचा आहे तो कोणी विचारतच नाही, की खेळायच्या आधी आणि खेळून झाल्यावर किती गेले, म्हणजे प्रवास, खोली, एन्ट्री, टॅक्स, टेबलावरचं कमिशन हे सगळं धरून. मी गेली काही वर्षं कुडाळवरनं पणजीला जाऊन खेळतोय, पगार साधा आहे, वर्षाचं पोकरचं बजेट वेगळं काढून ठेवतो आणि त्याच्या बाहेर जात नाही, तर त्या अनुभवावरनं हा रिव्ह्यू लिहितोय. एका बोटीचा किंवा एका हॉटेलचा हा रिव्ह्यू नाही, अख्ख्या ट्रिपचा आहे, कारण वेगवेगळं बघितलं तर सगळंच स्वस्त वाटतं आणि एकत्र बेरीज केली की कळतं.

पहिल्यांदा हे की पणजीच का. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच करून टाकला, त्यामुळे सिंधुदुर्गात कधीतरी येईल ही चर्चा आता बंद. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा मात्र आहेच, म्हणून गणपतीत जागरणाला माजघरात जी पत्त्यांची मैफल बसते तिथे पैसे लावून खेळू नका, कोणी तक्रार केली तर पोलीस येतात हे सगळ्यांना माहितेय. मोबाईलवर एक-दोन रुपयांच्या ब्लाइंडची (डाव सुरू होताना दोघांना सक्तीने लावावी लागते ती रक्कम, एक लहान आणि एक मोठी) टेबलं होती तीही ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद झाली. राहिली मांडवी नदीतली बोट. गोव्याच्या कायद्यात पंचतारांकित हॉटेलात इलेक्ट्रॉनिक यंत्रांना परवानगी आहे आणि टेबल गेम्सना परवानगी आहे ती बोटीवर, म्हणून पणजीला नदीत त्या सहा बोटी उभ्या दिसतात. पोकर म्हणजे माणूस समोर, डीलर पत्ते पिसतोय, चिप्सचा आवाज, ते हवं असेल तर जेटीवरनं छोट्या फेरीबोटीत बसून तिथेच जायचं.

माझा एक पावणा पेडण्याचा आहे, तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो, पण त्याला आत घेत नाहीत. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या लोकांना गेमिंगच्या जागेत प्रवेश बंद आहे. "तुम्ही जावा, माका थंय घेनत नाय" म्हणतो आणि मला जेटीपर्यंत स्कूटरवरनं सोडून परत जातो. वाईट वाटतं पण नियम आहे. आपलं आधार सिंधुदुर्गाचं असेल तर प्रश्न नाही, फक्त वय २१ पूर्ण पाहिजे आणि ओरिजिनल ओळखपत्र जवळ पाहिजे. अजून एक, हाफ पँट आणि चपला घालून पुरुषांना बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाहीत, तेव्हा एक फुल पँट आणि बूट बॅगेत टाका नाहीतर जेटीवर उभं राहून दुकान शोधत बसाल.

आता प्रवास. कुडाळ ते करमळी रेल्वेचं जनरलचं तिकीट शंभराच्या आत आहे आणि या ट्रिपमधला हा एकच भाग असा की ज्याच्यात कोणी तुम्हाला लुटत नाही. कोकणकन्या सकाळी कुडाळला येते, मुंबईवाले झोपेतनं उठत असतात, जनरल डब्यात गर्दी असते पण वाट फार लांबची नाही. करमळीला उतरलात की जुनं गोवं बाजूला, तिथनं पणजीची बस मिळते. थिवीला उतरून म्हापशामार्गे पण जाता येतं पण दोन बसा बदलाव्या लागतात. एसटी किंवा कदंबाने सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा असं गेलात तर गाडी थेट पणजी स्टँडवर, पाटोला सोडते आणि तिथनं जेटी चालत जायच्या अंतरावर आहे. मी जाताना ट्रेन आणि येताना जे मिळेल ते असं करतो. येतानाची गोष्ट लक्षात ठेवा, मांडवी एक्सप्रेस मडगाववरनं सकाळीच निघते, रात्रभर खेळून पहाटे झोपलेला माणूस ती पकडू शकत नाही, त्याची गाडी म्हणजे संध्याकाळची कोकणकन्या. त्यामुळे दुपारी झोपायला जागा पाहिजे. हा एवढासा मुद्दा वाटतो पण खोली कुठली घ्यायची ते सगळं याच्यावर ठरतं.

खोलीचं सांगतो. कॅसिनोवाल्यांची स्वतःची पॅकेजं असतात, एक रात्र हॉटेल, एन्ट्री, जेवण, ड्रिंक्स, पिकअप सगळं एकात. मी घेऊन बघितलंय. गादी उत्तम, एसी उत्तम, बाथरूम चकाचक, स्टाफ नम्र, याच्यात शंका नाही. पण ते पॅकेज पोकरवाल्यासाठी बनवलेलंच नाही. त्याच्यात जे कूपन देतात ते बहुतेक एकदाच वापरायचं असतं आणि ते रुलेट, बॅकरा असल्या टेबलांवर चालतं, पोकरला चालत नाही आणि कॅश पण होत नाही. नाश्ता सकाळी साडेदहापर्यंत, तेव्हा आपण गाढ झोपेत. चेकआऊट बाराला, तेव्हा आपले जेमतेम सहा तास झालेले. ड्रिंक्स फुकट, आणि पोकर खेळताना जो पितो तो बाकीच्या आठ जणांना मदत करतो. म्हणजे पैसे भरले पाच गोष्टींचे आणि त्यातल्या तीन गोष्टी वापरताच येत नाहीत.

याचं कारण सरळ आहे. रुलेटला तुम्ही कॅसिनोशी खेळता, एक शून्य असलेल्या चाकावर कॅसिनोला दर शंभरामागे सरासरी २.७ रुपये सुटतात आणि दोन शून्यं असली तर सव्वापाच, आणि हे दर वेळी चाक फिरलं की. पोकरमध्ये आपण एकमेकांशी खेळतो, कॅसिनो फक्त प्रत्येक पॉटमधनं (डावात मधे जमलेल्या पैशांतनं) आपला वाटा काढतो, त्याला रेक म्हणतात. खोली, जेवण, दारू हे सगळं ज्या गिऱ्हाईकाला डोळ्यासमोर ठेवून लावलंय तो आपण नाही. म्हणून मी स्पष्ट सांगतो, झोपायचं एका ठिकाणी आणि खेळायचं दुसऱ्या ठिकाणी, हे दोन्ही वेगळं ठेवा. पोकरसाठी जाणाऱ्या कमी बजेटवाल्या माणसाने याच्यापेक्षा वेगळं काही करू नये असं माझं ठाम मत आहे.

मी राहतो ते पाटोच्या बाजूला, साध्या लॉजमध्ये. हजार-बाराशेत नॉन एसी खोली मिळते, डिसेंबरच्या शेवटी आणि कार्निव्हलला सोडून. खोली घेताना बाकी काही विचारलं नाही तरी चालेल पण चेकआऊट बाराला की चोवीस तासाला हे विचाराच. चोवीस तासवाल्या लॉजमध्ये दुपारी दोनला खोली घेतली की दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत आपली, म्हणजे पहाटे पाचला आलात तरी नऊ तास झोप मिळते, आणि संध्याकाळची गाडी. बाराला हाकलणाऱ्या चांगल्या हॉटेलपेक्षा हे शंभर पटीने बरं. दुसरं, जेटीपासून चालत पोचता यायला पाहिजे. गोव्यात रात्री आठ-नऊनंतर बसेस विरळ होतात आणि पहाटे तीनला टॅक्सीवाला जे सांगेल ते द्यावं लागतं, मग कळंगुटला स्वस्तात मिळालेली खोली महाग पडते. समोर बेतीला पण बऱ्या खोल्या मिळतात, पणजी-बेती फेरीबोट चालत जाणाऱ्याला फुकट आहे, दिवसा मस्त आहे, पण रात्री उशिरा परत येताना फेरीवर अवलंबून राहू नका. मळा, फोंतेन्यास बाजूला जुनी सुंदर घरं आहेत, तिथे होमस्टे झाल्यात, ज्याला जोडीदाराला घेऊन जायचंय त्याने तिथे जरूर राहावं, खर्च वाढेल पण पणजीचा तो भाग बघण्यासारखा आहे. मिरामारला युथ हॉस्टेल आहे, एकटा माणूस आणि सामान कमी असेल तर तोही पर्याय आहे पण रात्री परत यायच्या वेळेबद्दल त्यांचा नियम आधी फोन करून विचारा.

एका लॉजमध्ये (नाव घेत नाही) रात्री साडेतीनला आलो तर खालचं शटर बंद आणि फोन कोणी उचलेना, पाऊण तास रस्त्यावर उभा होतो. तेव्हापासून खोली घेतानाच काऊंटरवर सांगतो, मी पहाटे येणार, दार कोण उघडणार त्याचा नंबर द्या. जो नंबर देतो तिथेच राहतो.

खाण्याचं दुखणं नाही, पणजी या बाबतीत आपल्या माणसाला घरासारखीच आहे. सकाळी पातळ भाजी-पाव नाहीतर बन्स आणि चहा, दुपारी फिश थाळी दोनशे-अडीचशेत, त्याच्यात तिसऱ्या, बांगडा किंवा मोरी, हुमण, सोलकढी. संध्याकाळी गाड्यावरचं रॉस-ऑम्लेट. बोटीवरचा बुफे एन्ट्रीत असतो म्हणून लोक तिथे दाबून खातात, पनीर, बिर्याणी, चायनीज सगळं असतं आणि वाईट नसतं, पण पोटभर जेवून टेबलावर बसलं की दोन तासांनी डोळे मिटायला लागतात आणि मी असं बघितलंय की चांगले खेळणारे लोक मध्ये फक्त डाळ-भात नाहीतर फळं खातात. मी पाच वाजता बाहेर थाळी जेवतो आणि आत गेल्यावर रात्री एकदा हलकं काहीतरी.

एन्ट्री. सोमवार ते गुरुवार स्वस्त, शुक्रवार ते रविवार महाग, सणासुदीला आणखी. कमी बजेटवाला लगेच म्हणेल मधल्या वारी जाऊ. पण गंमत अशी की रुलेट रोज चालू असतं, पोकरला माणसं लागतात. मंगळवारी दुपारी तीनला जाऊन बसलात तर पोकर रूममध्ये डीलर हात बांधून उभा असतो आणि तुम्ही एकटे, टेबल सुरू व्हायला रात्रीचे नऊ वाजतात. वीकेंडला टेबलं चार-पाच लागलेली असतात, त्यात सुट्टीवर आलेले नवे लोक असतात, म्हणजे खेळायला चांगलं, पण वेटिंग लिस्ट असते आणि खोली, एन्ट्री दोन्ही महाग. माझा अनुभव असा की बुधवार-गुरुवार, आणि त्यातही कुठली तरी टूर्नामेंट सिरीज चालू असताना, हे सगळ्यात बरं. बाहेरनं खेळाडू आलेले असतात त्यामुळे मधल्या वारी पण कॅश टेबल (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे आणि कधीही उठता येतं) उठत नाही. डेल्टिन रॉयलवर २०१७ मध्ये वर्ल्ड पोकर टूर भारतात पहिल्यांदा आली तेव्हापासून मोठ्या सिरीज पणजीत होत राहिल्यात, तारखा आधी जाहीर होतात. निघायच्या आधी थेट पोकर रूमला फोन लावा, रिसेप्शनला नको, आणि तीन गोष्टी विचारा: आज किती ब्लाइंडचं टेबल लागणार, किती वाजता, आणि लिस्टमध्ये नाव लावता का. बहुतेक लावतात. पोकर रूमचा स्टाफ या सगळ्या ट्रिपमध्ये मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट आहे, नवीन माणसाला न हसता नियम समजावून सांगतात, आणि डीलरांमध्ये मराठी, कोकणी बोलणारे खूप भेटतात. टेबलावर मात्र आपण हिंदी-इंग्रजीतच बोलायचं, डाव चालू असताना दुसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत बोललं तर टोकतात आणि बरोबरच आहे ते.

आता पैशाचा मुख्य भाग, इथे नीट लक्ष द्या कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, पत्त्यात नाही.

कॅसिनोवर जीएसटी आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो चिप्स घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर झाला, तेव्हा २८ टक्के होता, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. म्हणजे १०,००० च्या चिप्समागे ४,००० टॅक्स. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्याच्यावर परत लागत नाही. पण घेतलेल्या चिप्स न खेळता परत केल्या तरी टॅक्स परत मिळत नाही, हा नियमच आहे. म्हणून काऊंटरवर पैसे काढायच्या आधी एकच प्रश्न, "इतके दिले तर टेबलावर किती चिप्स येणार?" आकडा कागदावर मागा. आणि याचा खेळण्यावर पण परिणाम होतो. पूर्वी सगळे सांगायचे की १०० बिग ब्लाइंड (म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट चिप्स) घेऊनच बस, कमी घेतलेस तर चांगल्या पत्त्यावर कमी मिळेल. समजा १००-२०० चं टेबल आहे, तर १०० बिग ब्लाइंड म्हणजे २०,००० च्या चिप्स, त्याच्यावर ८,००० टॅक्स. आणि तासाला १० बिग ब्लाइंड जिंकणारा खेळाडू म्हणजे फार वरच्या दर्जाचा, तो दहा तास बसला तर सरासरी २०,००० कमावणार, त्यातले ८,००० टॅक्सलाच गेले. आपण तेवढे चांगले नाही. तेव्हा मी आता टेबलाचा जो कमीत कमी बाय-इन (बसायला भरायची रक्कम) असेल तेवढाच घेतो, कमी चिप्समध्ये कसं खेळायचं ते वेगळं शिकून घेतलंय, थोडेच डाव खेळायचे आणि जे खेळायचे ते जोरात, आणि लागलं तरच वाढवतो. उगाच रुबाब म्हणून मोठी रास समोर लावायची नाही.

मग रेक. समजा पॉटच्या ५ टक्के काढतात आणि त्याला वरची मर्यादा (कॅप) आहे. नऊ जणांचं टेबल, तासाला २५ ते ३० डाव होतात, त्यातले २० पॉट फ्लॉपपर्यंत (मधे पहिले तीन पत्ते उघडतात तिथपर्यंत) जातात आणि सरासरी पॉट ३,००० चा. दर पॉटला १५०, म्हणजे तासाला ३,००० टेबलावरनं उचलले जातात, माणशी साधारण ३३०. दहा तासांचे ३,३०० झाले, तुम्ही जिंका नाहीतर हरा. वर डीलरला टिप. लॉजच्या तीन रात्री याच्यात निघतात. आणि लोक घासाघीस करतात ती लॉजवाल्याशी, शंभर रुपयांसाठी. रेक किती टक्के आणि कॅप किती हे पोकर रूममध्ये लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा, सांगतात. लहान ब्लाइंडच्या टेबलावर कॅप फार वर असेल तर तिथे बसूच नका.

जिंकलात तर इन्कम टॅक्स. सरळ ३० टक्के, वर सेस, आणि एकावेळी १०,००० च्या वर जिंकलात की टीडीएस कापून हातात देतात. या उत्पन्नातनं कसलाच खर्च वजा करता येत नाही, ना कोकणकन्येचं तिकीट, ना लॉज, ना मागच्या वेळी हरलेले पैसे. पॅन कार्ड न्या. टीडीएसचं सर्टिफिकेट मागून घ्या आणि रिटर्न भरताना दाखवा, लपवायला जाऊ नका, ते सगळं पोर्टलवर दिसतं.

मग कमी पैशात काय खेळायचं, कॅश की टूर्नामेंट? माझं उत्तर टूर्नामेंट. एकदा बाय-इन भरला की त्याच्या वर जास्तीत जास्त किती जाणार ते आधीच माहीत असतं (रि-एन्ट्री, म्हणजे बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून बसणं, करायची नाही असं ठरवलं तर), आणि सात-आठ तास खेळायला मिळतं. सॅटेलाइट म्हणून छोट्या टूर्नामेंट असतात, त्यात बक्षीस म्हणजे मोठ्या टूर्नामेंटची सीट, कमी बजेटवाल्यासाठी हीच खरी वाट. फक्त अपेक्षा ताळ्यावर ठेवा, शंभर एन्ट्री असतील तर साधारण बारा-पंधरा जणांना पैसे मिळतात, म्हणजे चांगला खेळणारा सुद्धा बहुतेक वेळा रिकाम्या हाताने उठतो. म्हणून टूर्नामेंटवाले शंभर बाय-इनची पुंजी बाजूला असावी म्हणतात. आपल्याकडे तेवढी नसते, तर मग निदान एवढं की जाणारे पैसे घरखर्चाचे, हप्त्याचे, पोरांच्या फीचे नसावेत आणि एटीएम कार्ड लॉजवरच ठेवावं. बोटीवर पैसे काढायची सोय असते, ती तुमच्या सोयीसाठी नसते.

टूर्नामेंटची तिकडे गेल्यावर एकच गोष्ट बघा, लेव्हल किती मिनिटांची, म्हणजे ब्लाइंड किती मिनिटांनी वाढतं. ३० मिनिटांची असेल तर विचार करून खेळता येतं, १५ मिनिटांची असेल तर तीन तासांत सगळ्यांकडे दहा-बारा बिग ब्लाइंड उरतात आणि मग ऑल-इन (सगळं लावा) नाहीतर फोल्ड (पत्ते टाका) एवढंच राहतं. त्याच्यासाठी एवढा प्रवास करू नये. एका बोटीवर चारची टूर्नामेंट सव्वासहाला सुरू केली आणि लेव्हल २० ची १५ केली, कोणालाच विचारलं नाही, बोर्डवर आकडा बदलला फक्त. मी आणि शेजारचा एक पुण्याचा मुलगा फ्लोअर मॅनेजरकडे गेलो तर म्हणाले वेळ कमी आहे सर. हे चुकीचं आहे, पैसे घेतल्यावर अट बदलणं कुठल्याही धंद्यात चुकीचंच. आता मी स्ट्रक्चरच्या पत्रकाचा फोटो पैसे भरायच्या आधीच काढून ठेवतो.

खेळाबद्दल थोडं, कारण तीन पत्ती खेळून आलेला आपला माणूस इथे एका ठरावीक पद्धतीने पैसे घालवतो. तीन पत्तीत पत्ते न बघता ब्लाइंड चाल मारून दाबता येतं, त्याची सवय हाताला असते. होल्डममध्ये, म्हणजे इथल्या पोकरमध्ये, हातात दोन पत्ते आणि समोरच्याला मधले सगळ्यांचे पाच पत्ते उघडे दिसत असतात, तो घाबरत नाही, तो हिशोब करतो. उदाहरणार्थ तुमच्या हातात दोन किलवर, फ्लॉपला दोन किलवर, अजून नऊ किलवर बाकी. पुढचे दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर फ्लश (पाचही किलवर) लागायची शक्यता ३५ टक्के, पुढच्या एकाच पत्त्यावर १९. समोरच्याने पॉटएवढा बेट मारला तर तुम्हाला ३३ टक्क्यांचा भाव मिळतोय, म्हणजे निदान ३३ टक्के शक्यता असेल तरच परवडतं, आणि शक्यता १९ ची, आणि फ्लश लागल्यावर तो तुम्हाला पुढे अजून पैसे देईल असं वाटत नसेल तर तो कॉल (तेवढेच पैसे लावून पुढे जाणं) नाही. एवढा एक हिशोब पाठ असेल तर पहिल्या रात्रीचे बरेच पैसे वाचतात. दुसरं, वाट बघणं. एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते. तासाला २८ डाव धरले तर आठ तासांत एकदा. म्हणजे रात्रभरात एकदाच, आणि तेव्हा जागं आणि शांत असायला पाहिजे. हे कळलं की फुकटची दारू, जड जेवण, अपुरी झोप याची किंमत कळते आणि मी खोलीच्या चेकआऊटवर एवढं का लिहिलं ते पण कळेल.

ऑनलाइन बंद झाल्यापासून टेबलं मला जास्त कडक वाटतात, मोबाईलवर रोज हजारो डाव खेळलेली तरुण मुलं आता इथे येऊन बसतात, हेडफोन लावून, चेहऱ्यावर काही नाही. त्यांच्याबरोबर वाकड्यात जायचं नाही, टेबल बदलून मागायचं. मागता येतं, लाजू नका.

बायका एकट्या जाऊ शकतात का असं बहिणीच्या मैत्रिणीने विचारलं होतं. बोटीवर सुरक्षा कडक असते, पोकर टेबलावर बाई बसली तर डीलर आणि फ्लोअरचे लोक लक्ष ठेवून असतात, मी तरी वेडंवाकडं वागणाऱ्याला उठवलेलंच बघितलंय. अडचण आहे ती पहाटे जेटीवरनं लॉजवर जाण्याची, त्यासाठी दोघीतिघींनी मिळून जा आणि खोली मुख्य रस्त्यावरची घ्या, इथे शे-दोनशे जास्त गेले तरी चालतील.

आता मार्क. प्रवास, पाचपैकी पाच. पणजीतलं राहणं, योग्य लॉज मिळालं तर चार. खाणं साडेचार, बोटीवरचं तीन. पोकर रूमचा स्टाफ पाच. टूर्नामेंटचं नियोजन अडीच, सिरीजच्या वेळी चार. कॅसिनोचं हॉटेल पॅकेज पोकरवाल्यासाठी दोन, नुसतं बघायला, मजा करायला दोन-तीन मित्र जाणार असतील तर त्यांच्यासाठी चार द्यायला पण हरकत नाही. पैशाचा मोबदला म्हणून बघितलं तर २८ टक्के असताना मी तीन दिले असते, ४० टक्क्यांनंतर दोन. त्यामुळे वर्षात खूप वेळा थोडं थोडं खेळण्यापेक्षा एखादी सिरीज धरून, सॅटेलाइट आणि एक टूर्नामेंट, एवढंच करतो. कॅश टेबलावर बसलोच तर किती वाजता उठायचं ते आधी ठरवून बसतो.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी, खोल्या खूप स्वस्त होतात, एन्ट्रीवर ऑफर असतात, टेबलं पण लागतात. पण कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालवतात आणि वेळा बदलतात, दरड आली तर रखडतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं असेल तर ट्रेनच्या भरवशावर राहू नका, पाटोवरनं सावंतवाडीची दुपारची गाडी पकडा. गणपतीच्या आठवड्यात तर जायचा विचारच करू नका, गाड्यांना उभं राहायला जागा नसते आणि घरी आरतीला माणसं कमी पडतात.

कोणाला सिरीजच्या वेळी कुडाळ किंवा सावंतवाडीवरनं यायचं असेल तर सांगा, दोघांनी एक खोली घेतली की माणशी सहाशे पडतात.